गोठणाऱ्या धातूतील शाखास्फटिक

जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्यावर किंवा बादलीवर पुष्कळदा नेच्याच्या पानांसारखी नक्षी दिसते. ती कोणी काढलेली नसते. वितळलेले जस्त गोठताना त्याचे स्फटिक फांद्या फोडीत पसरतात आणि त्यांची खूण मागे राहते. अशा स्फटिकास, वृक्ष या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, ‘डेंड्राइट’ असे नाव मिळाले आहे. मराठीत त्यास ‘शाखास्फटिक’ म्हणता येईल.

ओतीव मिश्रधातूंच्या बहुतेक वस्तू अशा असंख्य स्फटिकांच्या बनलेल्या असतात. फांद्यांमधील जागा शेवटी गोठणाऱ्या द्रवाने भरून निघते, म्हणून ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. क्वचित आत पोकळी राहिली तर मात्र ते उघडे पडतात. रशियन धातुशास्त्रज्ञ द. क. चेर्नोव्ह (१८३९–१९२१) यांच्या नावाने ओळखला जाणारा स्फटिक पोलादाच्या १०० टनी ठोकळ्यातील पोकळीत सापडला होता. त्याची लांबी ३९ सेंटिमीटर आणि वजन ३.४५ किलोग्रॅम आहे.

फांद्या का फुटतात?

द्रव गोठताना सुप्त उष्णता बाहेर पडते. ती वाहून गेल्याखेरीज पुढचा थर गोठू शकत नाही. शुद्ध द्रव आपल्या गोठणबिंदूखाली थंड होऊनही द्रवरूपच राहिला असेल, तर स्फटिकाच्या पृष्ठभागावर सहज आलेला एखादा उंचवटा अधिक थंड द्रवात शिरतो. त्याच्या टोकाची उष्णता चहूबाजूंनी निघून जाते. त्यामुळे तो शेजारच्या भागापेक्षा वेगाने वाढतो, आणि त्याच्या कडांवरही तशाच रीतीने उपशाखा फुटतात.

मिश्रधातूत आणखी एक कारण असते. अ‍ॅल्युमिनियममध्ये ४.५ टक्के तांबे असेल, तर प्रथम गोठणाऱ्या घनभागात एक टक्क्याहूनही कमी तांबे सामावते. उरलेले तांबे समोरच्या द्रवात साचते व त्याचा गोठणबिंदू खाली आणते. त्यापलीकडच्या द्रवात तांबे कमी असते. म्हणून तो किंचित उष्ण असूनही गोठण्यास अधिक तयार असतो. पुढे सरसावलेल्या टोकास त्याचा लाभ होतो. हे स्पष्टीकरण टिलर, जॅक्सन, रटर आणि चामर्स यांनी १९५३ साली मांडले.

मग फांद्या अनंत बारीक का होत नाहीत? कारण नवा पृष्ठभाग निर्माण करण्यास ऊर्जा लागते. अतिशय बारीक टोकाचा वितळणबिंदू सपाट भागापेक्षा थोडा कमी असतो, त्यामुळे त्याची वाढ अडते. या दोन विरोधी प्रवृत्तींचे गणित मलिन्स आणि सेकेर्का यांनी १९६३ व १९६४ मध्ये मांडले. फांद्यांची दिशा मात्र स्फटिकातील अणुरचना ठरवते. अ‍ॅल्युमिनियममध्ये त्या परस्परांशी ९० अंशांचा कोन करतात, तर हिमकणात ६० अंशांचा.

मोठ्या शाखा लहान शाखांना गिळतात

फांद्या फुटल्या म्हणजे रचना कायम झाली, असे नव्हे. वर सांगितलेली मिश्रधातू सुमारे ६५० अंश सेल्सिअसला गोठू लागते आणि ५४८ अंशांपर्यंत तिच्यात थोडा द्रव शिल्लक राहतो. या अवधीत बारीक उपशाखा विरघळतात, किंवा बुडाशी तुटून वेगळ्या होतात. विरघळलेले द्रव्य द्रवातून सरकत शेजारच्या जाड शाखांवर जाऊन बसते. शाखांची संख्या घटते, जाडी वाढते आणि एकूण पृष्ठभाग कमी होतो.

कॅटामिस, कॉफलिन आणि फ्लेमिंग्ज यांनी १९६७ साली अ‍ॅल्युमिनियम-तांब्याचे अर्धवट गोठलेले नमुने एकाएकी थंड करून ही क्रिया तपासली. उपशाखांमधील अखेरचे अंतर त्या प्रथम कशा फुटल्या यापेक्षा गोठण्यास किती वेळ लागला यावर अवलंबून असते, असे त्यातून दिसून आले. हे अंतर स्थूलमानाने वेळेच्या घनमूळाच्या प्रमाणात वाढते. गोठण्याचा वेळ ८ पट झाला, तर अंतर सुमारे दुप्पट होते.

ओतकामातील महत्त्व

शाखांच्या मध्यभागी तांबे कमी आणि फटींत पुष्कळ, अशी विषमता ओतीव वस्तूत राहते. फटींतील पदार्थ ठिसूळ असतो. सूक्ष्म छिद्रेही तेथेच उरतात. तडा जाण्यास हीच जागा सोयीची असते. वस्तू भट्टीत तापवून ही विषमता कमी करता येते, परंतु त्यास लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट असेल तर भट्टीतील वेळ चौपट, आणि इंधनाचा खर्चही त्याच मानाने अधिक.

म्हणूनच ज्या ठिकाणी ताण अधिक पडणार असेल, तेथे कुशल ओतारी वाळूच्या साच्यात धातूचे तुकडे बसवतो. ते उष्णता चटकन शोषून घेतात. धातू लवकर गोठतो आणि मोठ्या शाखांना लहान शाखा गिळण्यास अवसर मिळत नाही. तयार वस्तूचा काप घासून, आम्लाने उजळून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की उपशाखांमधील अंतर मोजता येते. आणि त्या जागी धातू किती वेळात गोठला होता, हे वस्तू थंड झाल्यावर कितीही वर्षांनी सांगता येते.