तापात आजोबा असंबद्ध का बोलतात?

वयस्कर माणसाला लघवीचा जंतुसंसर्ग होतो किंवा न्यूमोनिया होतो आणि दोन दिवसांत तो माणूस अगदी बदलून जातो. घरच्यांना ओळखत नाही, रात्री उठून दाराची कडी काढायला जातो, नाहीतर दिवसभर गुंगीत पडून राहतो. कोणी म्हणते, "वय झालं आता." कोणी बाहेरची बाधा समजून अंगारा लावते. जंतू मूत्राशयात आणि गोंधळ डोक्यात, हे कसे? याचे उत्तर काही अंशी मेंदूतल्या ‘मायक्रोग्लिया’ नावाच्या पेशींत सापडते.

या मेंदूत कायम वस्तीला असणाऱ्या संरक्षक पेशी होत. स्पेनचे शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ साली त्यांची वेगळी ओळख पटवली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हाडांतल्या मगजात तयार होतात. मायक्रोग्लिया मात्र गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच मेंदूत येऊन राहतात. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूचे निरीक्षण झाले, तेव्हा निरोगी मेंदूतही त्या आपले बारीक फाटे सतत हलवून आजूबाजूला चाचपत असल्याचे दिसले. जणू रात्रीची गस्तच!

गस्तवाल्याला चोर कोण आणि घरचा कोण हे कळले पाहिजे. त्यासाठी या पेशींवर ‘रिसेप्टर’ म्हणजे ग्राही असतात. ठरावीक कुलपाला ठरावीक किल्ली, तसा ठरावीक पदार्थच ठरावीक ग्राहीला चिकटतो व पेशीला निरोप मिळतो. ‘टोल’ कुळातला चौथ्या क्रमांकाचा ग्राही काही जीवाणूंच्या आवरणातला विषारी पदार्थ ओळखतो. या कुळाचा मूळ धागा फळमाशीत सापडला. त्या संशोधनाबद्दल ज्यूल्स हॉफमन व ब्रूस ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मूत्राशयातले जंतू सहसा मेंदूत शिरत नाहीत. परंतु शरीरात दाह सुरू झाल्याचा निरोप रक्तवाहिन्यांच्या अस्तरामार्फत आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत जातो. ताप येणे, भूक मरणे, पडून राहावेसे वाटणे हे त्याचेच परिणाम. तरुण माणूस एवढ्यावरच सुटतो. उतारवयात व विशेषतः विस्मरणाच्या आजारात या पेशी आधीच उत्तेजित असतात. थोड्या निरोपानेही त्या जास्त दाहक रसायने सोडतात आणि मेंदूचे काम विस्कळीत होते. प्राण्यांवरील प्रयोगांत हे दिसले असून माणसातही असेच घडत असावे, असे मानले जाते. या अवस्थेला आम्ही डॉक्टर ‘डिलिरियम’ म्हणतो.

मग या पेशींना गप्पच करावे का? तसे नाही. त्यांच्यावर ‘ट्रेम-२’ नावाचा आणखी एक ग्राही असतो. मेंदूत साचलेल्या निरुपयोगी प्रथिनाभोवती जमून त्याची साफसफाई करण्यास तो मदत करतो. या ग्राहीच्या जनुकातील एका दुर्मिळ बदलामुळे अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढतो, असे २०१३ मध्ये दिसून आले. म्हणजे पहारेकरी चिडलेला वाईट, तसाच झोपलेलाही वाईट. या ग्राहीला चेतवणाऱ्या एका औषधाची अल्झायमरच्या रुग्णांवर चाचणी झाली, पण २०२४ मध्ये तिचा निकाल निराशाजनक आला. तेव्हा ‘मेंदूची प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ औषधांच्या जाहिरातींना भुलू नका.

आता घरात काय करावे ते पाहू. विस्मरण महिन्या-वर्षांत हळूहळू वाढते. डिलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, कमी-जास्त होत राहतो आणि बहुधा रात्री बळावतो. गुंगीत शांत पडलेला रुग्णही यातलाच असू शकतो. वृद्धांना जंतुसंसर्गात ताप येतोच असे नाही, हेही ध्यानात ठेवा.

असा बदल दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवी, रक्तातली साखर, क्षार व छाती यांची तपासणी आवश्यक असते. लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, शरीरातले पाणी कमी होणे, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या, यांमुळेही असे होते. म्हणून चालू असलेली सर्व औषधे पिशवीत घालून बरोबर न्या. स्वतःच्या मनाने झोपेची गोळी देऊ नका. तोंड वाकडे होणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, फिट येणे, मान ताठरणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काही असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

रुग्णाजवळ ओळखीचे माणूस असावे. चष्मा व कानाचे यंत्र लावून द्यावे. दिवसा उजेड, रात्री शांतता ठेवावी. पूर्ण शुद्धीत असताना बसवून घोट घोट पाणी पाजावे. त्याच्याशी वाद घालू नये, बांधून तर मुळीच ठेवू नये.

मूळ कारणावर वेळीच इलाज झाला तर बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत पुष्कळसे सावरतात. उशीर झाला तर जिवावर बेतू शकते. म्हणून अचानक आलेल्या भ्रमाला म्हातारपण म्हणू नका. तो आजार आहे आणि त्याचे कारण शोधायलाच हवे.