कातड्याला वळण कसे लागते?

नवी कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस पायाला चावते, हे तुम्ही अनुभवले असेल. अमेरिकेत आणि जपानमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या मुलांना असाच अनुभव हाताला येतो. नवा कातडी ग्लोव्ह इतका ताठ असतो की तो धड मिटत नाही आणि झेललेला चेंडू उसळून बाहेर पडतो. तो मऊ कसा करावा? पुष्कळांना वाटते, भरपूर तेल चोपडले की झाले. हे खरे आहे का, ते पाहू या.

कातडे म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे. तीन पदरांच्या दोरीप्रमाणे पिळलेल्या रेणूंचे हे तंतू जुड्या करून एकमेकांत गुंतलेले असतात. कच्चे कातडे वाळले की तंतू एकमेकांना चिकटतात व ते लाकडासारखे ताठ होते. म्हणून कातडे कमावतात. कोल्हापुरीसाठी बाभळीची साल व हिरडा वापरतात. कारखान्यांत क्रोमियमचे क्षारही वापरतात. हे पदार्थ तंतूंना घट्ट जोडले जातात आणि कातडे कुजत नाही. नंतर त्यात स्निग्ध पदार्थ मुरवतात. त्यांचा पातळ थर तंतूंवर बसला की ते एकमेकांवरून सरकू शकतात.

आता उत्तर सोपे आहे. तेल तंतूंना सरकणे सोपे करते. पण त्यांना प्रत्यक्ष सरकवते ते वाकवणे! म्हणून जाणते खेळाडू ग्लोव्हला तेलाचा अगदी पातळ हात देतात, जिथे तो मिटायला हवा तिथे हाताने वारंवार वाकवतात आणि रोज थोडा वेळ झेल घेतात. रात्री खळग्यात चेंडू ठेवून ग्लोव्ह बांधून ठेवला की तोच आकार टिकतो. तेल फार झाले तर ग्लोव्ह जड व लुळा होतो. भट्टीत तापवणे तर त्याहून वाईट. त्याने कातड्यातील ओलावा जाऊन ते ठिसूळ होते. न कमावलेले ओले कातडे सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसलाच आक्रसते, कारण रेणूंचा पीळ सुटतो.

मऊपणाचा फायदा किती? १४५ ग्रॅमचा चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने आला, तर त्याची गतिज ऊर्जा २९ ज्यूल असते. तो २ सेंटिमीटरमध्ये थांबला तर सरासरी बल १,४५० न्यूटन येते. खळगा दबून आणि हात मागे घेऊन तो १० सेंटिमीटरमध्ये थांबला तर फक्त २९० न्यूटन, म्हणजे एक पंचमांश!

करून पाहा : चप्पल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून एकाच कातड्याच्या, सारख्या मापाच्या चार पट्ट्या मागून आणा. चारही तासभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. पहिली तशीच ठेवा. दुसरीला तेलाचे तीन थेंब चोळा. तिसरी शंभर वेळा वाकवा. चौथीला तेल चोळून तितक्याच वेळा वाकवा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पट्टी टेबलाच्या कडेबाहेर १० सेंटिमीटर काढून मागचे टोक पुस्तकाखाली दाबा. पुढच्या टोकाला सारखेच वजन टांगा व टोक किती खाली झुकते ते मोजा. तेल मोठे की वाकवणे? मोजमापांचा तक्ता करा आणि तुमचा निष्कर्ष शिक्षकांना दाखवा.