कोच : कडक की मवाळ?

मागच्या वर्षी हॉस्टेल कबड्डीच्या सेमीफायनलला आपण एका गुणाने हरलो, हे तुम्हाला आठवत असेलच. गुण बरोबरीत, शेवटची रेड. आमचा फर्स्ट इयरचा पोरगा बोनस घ्यायला गेला आणि पकडला गेला. मी कॅप्टन. सगळ्यांसमोर त्याला जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आलाच नाही. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

कडकपणाचं मोठं उदाहरण आपल्याच घरचं. शिवाजी पार्कवरचे रमाकांत आचरेकर सर, १९९० चे द्रोणाचार्य पुरस्कार विजेते. शाळकरी सचिन एकदा ठरलेली मॅच बुडवून वानखेडेवर शाळेच्या सीनिअर टीमची फायनल बघायला गेला. सरांनी कानाखाली वाजवली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असं खेळ, असं बजावलं. २९ वर्षांत सर आपल्याला कधी 'छान खेळलास' म्हणाले नाहीत, हे सचिनने १६ नोव्हेंबर २०१३ च्या निरोपाच्या भाषणात सांगितलं.

पण हेच सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर मॅच खेळायला न्यायचे. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. आऊट झाला नाही तर नाणं सचिनचं. अशी १३ नाणी त्याने जपून ठेवली आहेत. मार एकदाचा, स्कूटर रोजची!

आता दुसरी बाजू. अमेरिकन फुटबॉल म्हणजे धडकाधडकीचा खेळ. तिथे विन्स लोम्बार्डी हे कडक शिस्तीचे कोच. त्यांच्या ग्रीन बे पॅकर्सने पहिले दोन्ही सुपर बोल जिंकले. पण फेब्रुवारी २००७ चा सुपर बोल इंडियानापोलिस कोल्ट्सने जिंकला तो टोनी डंजी यांच्या हाताखाली. हा माणूस आरडाओरडा न करण्यासाठीच प्रसिद्ध. आपल्याकडेही ग्रेग चॅपेल यांच्या काळात सीनिअर खेळाडू दुखावले गेले आणि २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये आपण पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. नंतर गॅरी कर्स्टन आले. पडद्यामागे राहून नेटमध्ये तासन् तास बॉल टाकणारे. २ एप्रिल २०११ ला काय झालं, ते सांगायला नकोच.

म्हणजे कडकही जिंकतात, मवाळही जिंकतात. मग फरक कुठे आहे? मला वाटतं, तीन गोष्टींत. एक, बोलणं चुकीवर आहे की माणसावर. दोन, चूक दाखवल्यावर सुधारायची कशी हेही सांगितलं का. तीन, बोलणारा स्वतः किती राबतो. हात उचलणं तर आता नकोच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे.

मेकॅनिकलवाल्यांना लगेच पटेल. लाल तापवलेलं स्टील पाण्यात बुडवलं की कठीण होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून क्वेंचिंगनंतर टेम्परिंग करतात, पुन्हा जरा कमी तापवतात. थोडा कठीणपणा जातो, पण चिवटपणा येतो. मी नुसतंच क्वेंचिंग केलं होतं.

आमच्या सिरोंच्यात प्राणहितेच्या वाळूत आम्हाला कबड्डी शिकवणारे सर चुकलं की पाच चकरा मारायला लावायचे. पण सहावी चकर स्वतः आमच्याबरोबर मारायचे, आणि पळता पळता काय चुकलं ते समजावायचे. मी त्यांच्याकडून फक्त पाच चकरा शिकलो.

तो ज्युनिअरही सिरोंच्याचाच. दोघांच्याही घरी तेलुगू. या वर्षी त्याच्या रूमवर गेलो आणि म्हणालो, "रेपु रा, तम्मी." उद्या ये रे, भावा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अन्ना, समोर पाचच जण होते. पाच असले की बोनस मिळत नाही, हे मला नंतर कळलं."

खरंच. बोनसला समोर किमान सहा जण लागतात. हे त्याला शिकवायचं काम माझं होतं, आणि मी ते कधी केलंच नव्हतं.

तो दुसऱ्या दिवशी आला. आता मैदानावर आवाज चढवण्याआधी मी स्वतःला एकच विचारतो : हे मी याला शिकवलं होतं का? यंदाच्या सगळ्या कॅप्टन लोकांनी हे एकदा विचारून बघावं.