लघवीतील प्रथिने आणि अंगावरील सूज

परभणी, जिंतूर, गंगाखेड परिसरातील अनेक रुग्ण सकाळी डोळ्यांभोवती व सायंकाळी पायांवर सूज येत असल्याचे सांगतात. लघवीला फेस येतो, हे मात्र विचारल्याखेरीज सांगत नाहीत. निरोगी मूत्रपिंडांतून दिवसभरात 150 मिलिग्रॅमहून कमी प्रथिने बाहेर पडतात. दीर्घकालीन विकारात, विशेषतः मधुमेहींमध्ये, ही गाळणी सैल होते. गळती 3.5 ग्रॅमच्या पुढे गेल्यास रक्तातील अल्ब्युमिन घटू लागते व पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपते. त्यातच मूत्रपिंडे मीठही रोखून धरतात.

खर्च वाढला की जमा वाढवावी, हा आम्हा हिशेबनिसांचा न्याय येथे लागू पडत नाही. प्रथिनयुक्त आहार वाढविल्याने तूट भरून निघत नाही, मूत्रपिंडांवरील भार मात्र वाढतो. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत असावे. ठेचा, लोणचे, पापड यांतून ते नकळत जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या अशा रुग्णास घातक ठरतात. रक्तदाबाची काही औषधे प्रथिनांची गळती कमी करतात; सूज उतरली म्हणून ती बंद करू नयेत.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. परंतु ती वेळ लांबविण्याची संधी लघवीच्या साध्या तपासणीतच मिळते. सूज असलेल्यांनी रोज सकाळी वजन करून ते वहीत नोंदवावे व ती वही तपासणीस सोबत आणावी.