आधी स्क्रू, मग साबण

माळ्यावरून ट्रक उतरवलास, बरं केलंस. तुझे बाबा नऊ वर्षांचे होते, तेव्हा मी तो मस्कतहून आणला. तामियाचा क्लॉड बस्टर, 1987 साली निघालेला, खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाचा. तामियाच्या शिझुओकातल्या कारागिरांनी त्याला पुढच्या आसाला एक आणि मागच्या आसाला एक अशा दोन मोटरी दिल्या, चारही चाकं वळती केली. आता तो पळवायचा नाही, कपाटात मांडायचा म्हणतोस, तर एक धरून चाल: पळणाऱ्या गाडीला नवे भाग लागतात, मांडायच्या गाडीत जुनं जितकं टिकेल तितकं टिकवायचं.

खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढ. मग पुठ्ठ्यावर गाडीचं ढोबळ चित्र काढ आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेव. लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की प्लास्टिकला तडा जातो.

हत्याराची काटकसर करू नकोस. जपानी स्क्रूची फुली आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरला नीट जुळत नाही. जोर दिला की टोक बाहेर निसटतं आणि फुली झिजते. जेआयएस, म्हणजे जपानी मापाचा, घे. आणि बसवताना स्क्रू आधी उलटा फिरव. हाताला बारीकसं टक् लागतं, म्हणजे जुने आटे सापडले; तिथून सुलटा फिरव, हलक्या हाताने. प्लास्टिकमध्ये दर वेळी नवे आटे पाडले तर भोक सैल होतं आणि मग काहीच धरत नाही. बाकी सगळं विसरलास तरी हे विसरू नकोस.

धुताना कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. चकचकीत भागांना तर फारच जप. ती चकाकी म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला धातूचा अतिशय पातळ थर. मी एका बंपरवरचा डाग काढायला ब्लीच लावलं आणि डागाबरोबर चकाकीही गेली. अजून हळहळ वाटते.

रिमोटमधले सेल फुटून पांढरी पूड आली असेल. ती अल्कलीची असते. हातमोजे घालून कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लाव, मग ओल्या बोळ्याने पूस आणि पुरतं वाळू दे. जुनी 7.2 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गाडीत ठेवू नकोस, कचऱ्यातही टाकू नकोस. कॅडमियम विषारी आहे, ती ई-कचऱ्यात दे.

डाव्या दारावर ओरखडा दिसेल. तुझ्या बाबांनी ट्रक गच्चीच्या पायरीवरून उडवला होता, त्याचा. त्यावर रंग चढवू नकोस.

त्या अवाढव्य टायरांत दाबाची हवा नसते. वर्षानुवर्षं वजन पडलं की खालून चपटतात. चेसिसखाली लाकडाचा ठोकळा दे, टायरखालून कागद सरकेल इतका उंच. टायर कडक प्लास्टिकला टेकवून ठेवायचे नाहीत, रबरातला तेलकट अंश उतरून डाग पडतात. कपाटावर ऊन येऊ देऊ नकोस, स्टिकरचे रंग उडतात. रिमोट शेजारीच मांड, अँटेना आत सरकवून.