पाणी किती सुटले?

पावसाळ्यात गोदाकाठच्या गावांत दवंडी होते. हल्ली फोनवरही निरोप येतो, "जायकवाडीतून पाणी सोडले आहे. नदीकडे जाऊ नका." सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या बाजूच्या लोकांना हे नवे नाही. २००६ च्या ऑगस्टात गोदामाईला केवढा पूर आला होता, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. निरोप आला की पारावर पहिला प्रश्न निघतो, "किती सोडलं म्हणतात, दादा?"

"हजार."

हजार म्हणजे काय लई मोठं? असे म्हणून माणूस मोटार काढायला नदीत उतरतो. पण हजार काय, ते त्याने विचारलेच नाही.

आता आपल्याला वाचता येते. कागद हातात घ्या आणि अक्षरे जोडून वाचा. क्यु-से-क. हा एक शब्द. क्यु-मे-क. हा दुसरा. मधले एकच अक्षर बदलले. पण पाणी किती बदलले, ते पाहा.

एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी मनात आणा. तिच्यात २८ लिटरांहून थोडे जास्त पाणी मावते. घड्याळाच्या दर सेकंदाला अशी एक पेटीभर पाणी वाहून गेले, तर त्याला म्हणायचे एक क्युसेक.

आता एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच पेटी घ्या. तिच्यात मावते १००० लिटर, म्हणजे २०० लिटरची पाच पिंपे. दर सेकंदाला अशी एक पेटी गेली, की झाला एक क्युमेक. या मोठ्या पेटीत लहान पेट्या ३५ मावतात, आणि वर थोडी जागा उरते.

म्हणजे हजार क्युमेक म्हणजे ३५ हजार क्युसेकांहून जास्त! पारावरच्या माणसाने कोणते हजार ऐकले होते?

ही दोन मापे कशी आली? फूट इंग्रजी अमलातले. १९५६ साली कायदा झाला आणि पुढे मीटर, लिटर आले. तरी धरणाच्या आणि कालव्याच्या बोलण्यात फूट टिकून राहिला. तेव्हा आपल्याला दोन्ही मापे यायला हवीत.

पुराचे पाणी चार दिवसांचे. कालव्याच्या पाण्याशी मात्र दर हंगामात गाठ आहे. पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. आपला परभणी जिल्हा त्याच्या शेपटाकडे येतो. शेपटाकडच्या शेतकऱ्याची तक्रार ठरलेली असते : "पाळी सहा तासांची दिली, पण भिजलं निम्मंच." यावर पाटकरी म्हणतो, "तास तर पुरे दिले की!" दोघेही खरे बोलत असतील. तास सारखे असले, तरी चारीतले पाणी सारखे असतेच असे नाही.

एक क्युसेक पाणी एक तास चालले, तर एक एकर रान सुमारे एक इंच भिजते. हे पाठ करून ठेवा, फार उपयोगी पडते. दोन एकर रानाला तीन इंच पाणी द्यायचे असेल, तर दोन गुणिले तीन, सहा तास लागतील. पण चारीत अर्धाच क्युसेक असेल, तर त्याच रानाला बारा तास हवेत. (पाणी चारीत मुरते, फुटते, ते वेगळे.)

चारीत किती आहे, ते कसे ओळखावे? चारीचा सरळ तुकडा पाहून ३० फूट मोजा. दोन्ही टोकांना काड्या रोवा. वरच्या टोकाला कडब्याच्या धाटाचा तुकडा पाण्यात सोडा. खालच्या काडीशी पोचायला किती सेकंद लागले, ते मोजा. तीनदा करावे, एकदा करून भागत नाही.

समजा, २५ सेकंद लागले. ३० ला २५ ने भागा. सेकंदाला १.२ फूट वेग आला. चारीत पाणी दोन फूट रुंद आणि अर्धा फूट खोल आहे. दोन गुणिले अर्धा, एक. एक गुणिले १.२, म्हणजे १.२. पण वरचे पाणी तळाच्या पाण्याहून जलद पळते. म्हणून शंभरात पंधरा कमी करा. उरले साधारण एक क्युसेक.

लिटर हवेत? २८ ने गुणा. सेकंदाला २८ लिटर. तासाचे सेकंद ३६००. म्हणजे तासाला एक लाख लिटर, किंवा १०० घनमीटर. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी घनमीटरने मोजून द्यायचे ठरले आहे. म्हणून हा शेवटचा आकडा संस्थेच्या वहीशी ताडून पाहावा. सहा तासांचे ६०० च्या आसपास निघायला हवेत. वहीत १२०० दिसले, तर सभेत विचारा. वहीही आता आपल्याला वाचता येते.

विहिरीच्या मोटारीला एवढा खटाटोप नको. २०० लिटरचे पिंप पाइपाखाली ठेवा. ते ५० सेकंदांत भरले, तर मोटार सेकंदाला चार लिटर देते. अशा सात मोटारी एकदम चालल्या, की एक क्युसेक होईल.

करून पाहा : चारीत पाणी चार फूट रुंद, एक फूट खोल आहे. धाट ३० फूट जायला ३० सेकंद लागले. क्युसेक किती? सेकंदाला लिटर किती?

(उत्तर : सुमारे ३.४ क्युसेक, ९५ लिटर.)