अस्तराचा एप्रन

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एप्रन घातल्याशिवाय आम्हाला पाऊल टाकू देत नाहीत. विरल आम्लाचे चार थेंब अंगावर उडू नयेत म्हणून एवढी दक्षता! आणि आमच्या घरी, जिथे दिवाळीआधी पंधरा दिवस आई चकल्यांच्या ऑर्डरी तळत उभी असते, तिथे उकळत्या तेलापुढे अंगावर काय, तर एक पातळ गाऊन. मागच्या दिवाळीला कढईत चकली फुटली, तेल उडाले आणि आईच्या पोटावर तळहाताएवढी जागा भाजली. जखम भरली, डाग राहिला. "आई, तुला मी एप्रन शिवून देतो," म्हणालो तर ती हसली. तिचे हसणे रास्तच होते. घरच्या शिवणयंत्राला मी तोवर फक्त तेल घातले होते.

पहिला प्रश्न कापडाचा. त्या गाऊनचे चार धागे उपटून चिमट्यात धरले आणि काडी लावली. धागे आक्रसले, वितळले आणि टोकाला काळा टणक मणी तयार झाला. म्हणजे पॉलिएस्टर. सुती धागा जळताना कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मागे मऊ राख उरते. तो पेटतो खरा, पण वितळून कातडीला चिकटत नाही. तेव्हा शेगडीपुढे सुतीच हवे, आणि तेही दुहेरी. दोन पदरांमध्ये हवेचा थर राहतो, त्यामुळे उडालेले तेल कातडीपर्यंत पोहोचायला थोडा अवधी लागतो.

आईने ट्रंकेतून आजीची सुती इरकल काढून दिली. विटलेली, पण काठ अजून शाबूत. "ठेवून तरी काय करणार," म्हणाली. जुने कापड विरलेले असते, त्याला आधार म्हणून अस्तर नव्या मांजरपाटाचे घेतले. इथेच मी फसलो, पण ते पुढे.

शेजारच्या अक्का ब्लाउज शिवतात. त्यांची भाषा कन्नड, आमची मराठी, आणि शिकवणी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. कात्रीला त्या कत्तरी म्हणत, सुईला सूजी. दोऱ्याला दारा म्हणाल्या तेव्हा मी एकदा दाराकडे पाहिले होते! मी घाई केली की म्हणत, "स्वल्प ताळु, तम्मा." जरा थांब, बाबा.

मापे अशी घेतली: छातीपासून गुडघ्याखाली ३४ इंच लांबी, खालची रुंदी २८, वरची १०. कापड मधोमध दुमडून अर्धेच बेतायचे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. वरून १० इंच खाली मुंढ्याची गोलाई द्यायची. सगळीकडे अर्धा इंच माया सोडायची. अस्तर मात्र चहूबाजूंनी एक सूत कमी, म्हणजे ते कडेने बाहेर डोकावत नाही. आजीच्या साडीवर खडूची रेघ ओढली आणि कात्री हातात घेऊन मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. शेवटी आईच म्हणाली, "काप रे."

मग दोन्ही कापडांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून टाचण्या लावल्या. गळ्याचे दोन आणि कमरेचे दोन बंद आतल्या बाजूला वळवून मध्ये धरले. एका बंदाचे मोकळे टोक टिपेत सापडले, ते उसवावे लागले. एका सरळ कडेला हात जाईल एवढी फट ठेवून बाकी चौफेर टीप मारली. उलटवण्याआधी कोपऱ्यांची माया तिरपी छाटायची आणि मुंढ्याच्या गोलाईत मायेला काप द्यायचे, टिपेच्या जरा अलीकडेपर्यंतच. ती गोलाई आत वळलेली असते, त्यामुळे मायेची कड टिपेपेक्षा आखूड पडते. उलटवल्यावर तिला पसरायला काप लागतात, नाहीतर मुंढा ओढल्यासारखा दिसतो. फटीतून सगळे बाहेर ओढले, इस्त्री केली, फट हाताने शिवली. एप्रन छान दिसत होता. आईने दोनदा आरशात पाहिले.

पहिल्या धुण्यानंतर मात्र त्याचा पापड झाला. अस्तर आखडले, वरच्या इरकलीला चुण्या पडल्या आणि खालचा काठ आत वळला. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे आधी सुचायला हवे होते. मागावर आणि गिरणीत सुती धागे ताणलेले असतात. कापड भिजले की तंतू फुगतात, ताण सुटतो आणि कापड आखडते, बहुधा ताण्याच्या दिशेने जास्त. आजीच्या साडीने आपले आखडणे कितीतरी वर्षांपूर्वी, विहिरीच्या पाण्यात उरकले होते. मांजरपाटाने ते माझ्या एप्रनात केले. उसवून मोजले, तर लांबीत सव्वा इंच गेला होता.

साडी छाटून अस्तराएवढी करावी, तर काठ जाणार. ते मनाला पटेना. नवे मांजरपाट आणले, रात्रभर पाण्यात ठेवले, वाळवले, पुन्हा एकदा धुतले, इस्त्री केली आणि मगच बेतले. जुन्या टिपेची छिद्रे विरलेल्या कापडात तशीच राहिली होती, त्यामुळे दुसरी टीप एक सूत आतून घ्यावी लागली. अक्कांनी या वेळी काहीच सांगितले नाही, नुसत्या पाहत बसल्या.

त्यांनी एक सूचना मात्र आधीच करून ठेवली होती. कमरेची गाठ एका ओढीत सुटणारी हवी, आणि गळ्याचीही. गरम तेलाने भिजलेले सुती कापड उष्णता धरून ठेवते, ते क्षणात अंगावेगळे करता आले पाहिजे. मग भाजल्या जागी वीस मिनिटे नळाचे गार पाणी.

या दिवाळीच्या पहिल्या घाण्याला आईने तो एप्रन बांधला. मी मागे उभा राहून दोन्ही गाठी एकेकदा ओढून पाहिल्या, आणि तिने पुन्हा बांधून घेतल्या.